‘डॉक्युमेंट्स’ थेट डी ड्राइव्हवर: एका निवृत्त शिक्षकाच्या फायलींचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, पण फायलींचं जे झालं ते जसंच्या तसं आहे. दुसरी हार्ड डिस्क बसवून आपले वैयक्तिक फोल्डर तिच्यावर नेणं हे काम दहा मिनिटांचं आहे, असं पुष्कळांना वाटतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. इथे मात्र सगळा घोळ एका छोट्या चौकटीत काय लिहिलं आणि दोन प्रश्नांना काय उत्तर दिलं यातून झाला. म्हणून त्या दोन-तीन क्षणांवरच मी जास्त लिहिणार आहे.

पार्श्वभूमी

सरांचा डेस्कटॉप विंडोज १० वर चालतो. आत २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क. ती विंडोजला २२३ जीबी दिसते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. सर कित्येक वर्षं बोलीतले शब्द गोळा करतात. माणसांकडून जुन्या वह्या मागून आणतात, स्कॅन करतात आणि वह्या परत देऊन टाकतात. म्हणजे पुष्कळ पानांच्या बाबतीत सरांकडची स्कॅन केलेली फाइल हीच त्यांच्यापाशी असलेली एकमेव प्रत. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

त्यांच्या फोल्डरांचा साधारण हिशेब असा होता: पिक्चर्स ९२ जीबी, व्हिडिओज ४१, डॉक्युमेंट्स १८, डाउनलोड्स १४, म्युझिक ६. उरलेल्यात विंडोज आणि सॉफ्टवेअर. सी ड्राइव्हवर जेमतेम दोन जीबी शिल्लक राहिली, अपडेट अडायला लागली, वर्ड फाइल सेव्ह करताना जागा नसल्याचं सांगू लागलं. तेव्हा त्यांनी एका तंत्रज्ञाकडून १ टीबीची हार्ड डिस्क आत बसवून घेतली. ती डी ड्राइव्ह म्हणून दिसू लागली, ९३१ जीबीची, एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली. ‘आता तुमचं सामान यात टाका’ एवढं सांगून तो गेला.

त्याच संगणकावर त्यांच्या सुनेचंही वेगळं खातं आहे. हेसुद्धा लक्षात ठेवावं.

अडचण

सरांनी सामान टाकलं. त्यांनी कट-पेस्ट केलं नाही, हे त्यांचं बरोबरच होतं. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे ‘लोकेशन’ हा टॅब, आणि त्यातल्या पत्त्याच्या चौकटीत नवा पत्ता, ही पद्धत त्यांना माहीत होती. विंडोजने यासाठीच दिलेली ती सोय आहे. चूक पत्त्यात झाली. चौकटीत त्यांनी फक्त डी, पुढे विसर्गचिन्ह आणि तिरकी रेघ एवढंच लिहिलं. म्हणजे ‘डी ड्राइव्हवरचा डॉक्युमेंट्स फोल्डर’ असं न होता ‘अख्खा डी ड्राइव्ह हाच डॉक्युमेंट्स’ असं झालं. जुन्या फायली नव्या जागी हलवू का, या प्रश्नाला त्यांनी ‘येस’ म्हटलं. डॉक्युमेंट्समधलं सगळं डी ड्राइव्हच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरशिवाय जाऊन बसलं.

मग पिक्चर्सची पाळी. तिथेही तोच पत्ता. या वेळी विंडोजने एक लांबलचक इशारा दाखवला. त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही हा फोल्डर दुसऱ्या एका फोल्डरच्याच जागी पाठवत आहात, तसं केलंत तर दोन्ही पुन्हा वेगळे करता येणार नाहीत आणि मूळ जागाही परत मिळवता येणार नाही, तरी पुढे जायचं का. सरांनी ‘येस’ दाबलं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “अरे, आधीही येस विचारलं होतं, मला वाटलं तोच प्रश्न आहे.” यात त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. दोन मिनिटांपूर्वी ज्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून काम सुरळीत झालं, तशाच खिडकीत तशीच दोन बटणं दिसली की हात आपोआप तिकडेच जातो.

९२ जीबी फोटो वाहत असताना मध्येच तिसरी खिडकी आली: सात फायली त्याच नावाच्या आहेत, बदलू का? सरांना वाटलं, त्याच फायली दुबार येत आहेत. त्यांनी ‘बदला’ म्हटलं.

त्या दुबार नव्हत्या. डॉक्युमेंट्समध्येही ‘स्कॅन’ नावाचा फोल्डर होता आणि पिक्चर्समध्येही. पहिल्यात एका वहीची सात पानं होती, दुसऱ्यात घरच्या जुन्या फोटोंचे स्कॅन. स्कॅनरचं सॉफ्टवेअर प्रत्येक फोल्डरमध्ये नव्याने एकपासून आकडे देत होतं, त्यामुळे नावं दोन्हीकडे सारखीच: स्कॅन ०००१ पासून ०००७ पर्यंत. वहीच्या सात पानांवर सात फोटो येऊन बसले.

हे सरांना तेव्हा कळलंच नाही. त्यांनी मला बोलावलं ते वेगळ्याच तक्रारीसाठी. बाजूच्या पट्टीतल्या डॉक्युमेंट्सवर क्लिक केलं की अख्खा डी ड्राइव्ह उघडत होता, पिक्चर्सवर केलं तरी तेच. शब्दसंग्रहाच्या फायली आणि लग्नकार्याचे फोटो एकाच ढिगात. ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ नावाचं बटण असतं हे त्यांनी वाचलं होतं, पण आता प्रॉपर्टीज उघडल्या की डिस्कच्या प्रॉपर्टीज दिसत होत्या आणि त्यात ‘लोकेशन’ हा टॅबच नव्हता. ज्या दारातून आत गेलो ते दारच नाहीसं झालं होतं.

आधी थांबायचं की आवरायचं?

मी गेलो तेव्हा सरांनी स्वतःच ढीग आवरायला सुरुवात केलेली होती. ‘स्कॅन’ फोल्डर उघडला, आणि ते एकदम गप्प झाले. पहिल्या चित्रावर वहीचं पान असायला हवं होतं, तिथे मुंजीचा फोटो होता.

इथे पहिला खरा निर्णय घ्यायचा होता. मन म्हणत होतं, आधी पसारा आवरू, हरवलेलं नंतर शोधू. मी उलटं केलं, आणि आजही मला तेच बरोबर वाटतं. हार्ड डिस्कवर एखाद्या फाइलवर दुसरी फाइल चढवली तरी जुन्या फाइलचा मजकूर लगेच पुसला जाईलच असं नाही. बऱ्याचदा तो जिथे होता ती जागा फक्त ‘मोकळी’ म्हणून नोंदवली जाते आणि पुढे एखादी नवी फाइल तिथे लिहिली जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. म्हणजे डी ड्राइव्हवर आता जे काही नवं लिहिलं जाईल, ते त्या सात पानांपैकी एखाद्या पानावर लिहिलं जाण्याची शक्यता. म्हणून वर्ड बंद, ब्राउझर बंद, डी ड्राइव्हवर काहीही सेव्ह करायचं नाही.

मूळ पानं पूर्वी एसएसडीवर होती, तिथे शोधण्यात अर्थ नव्हता. फाइल पुसली की विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ची सूचना देतं आणि एसएसडी ती जागा आतून साफ करून टाकते. तिथून काही परत मिळण्याची आशा जवळजवळ नसतेच. उलट नवी डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची, हे या प्रकरणातलं नशीब.

शोधासाठी फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. ते फाइलचं नाव बघत नाही. डिस्कच्या मोकळ्या जागेत ठरावीक प्रकारच्या फायलींची सुरुवात जशी होते ती खूण शोधतं. जेपेग चित्राची सुरुवात नेहमी त्याच तीन बाइटनी होते, तिथून ते चित्र उचलायला लागतं. सापडलेलं कुठे ठेवायचं, हेही त्याला सांगावं लागतं. ते डी ड्राइव्हवर ठेवलं असतं तर शोधता शोधताच शोधायची जागा भरली गेली असती. मी माझी यूएसबी डिस्क जोडली आणि तिच्यावर ठेवलं.

डिस्क कोरी करकरीत असल्यामुळे मोकळ्या जागेत इतर जुना कचरा नव्हता. पाच चित्रं मिळाली. चार पूर्ण, पाचवं वरून अर्धं, खालचा भाग सपाट राखाडी. उरलेली दोन मिळाली नाहीत. त्यांच्या जागेवर नंतर आलेले फोटो लिहिले गेले असावेत.

पर्यायांचा विचार

आता फोल्डरांचं काय करायचं, हे ठरवायला सर आणि मी जवळजवळ तासभर बसलो.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे एसएसडीच मोठी घेणं. सगळं तिथल्या तिथे राहिलं असतं. पण नवी डिस्क आधीच बसवलेली होती आणि फोटो-व्हिडिओंना एसएसडीच्या वेगाची गरज नव्हती.

दुसरा पर्याय बऱ्याच ठिकाणी मोठ्या उत्साहाने सुचवलेला आढळतो: युजर्स हा अख्खा फोल्डरच दुसऱ्या डिस्कवर न्यायचा. मी त्याच्या विरोधात आहे. त्या फोल्डरमध्ये फक्त आपली कागदपत्रं नसतात, ॲपडेटा म्हणजे सॉफ्टवेअरांची आपापली माहिती असते, खात्याच्या सगळ्या सेटिंग्जची फाइल असते, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर सतत तिथे लिहीत-वाचत असतं. ते हळू डिस्कवर गेलं की अख्खा संगणक हळू होतो. शिवाय अशा संगणकावर विंडोजची पुढची मोठी आवृत्ती बसताना अडू शकते. जागा वाचवायला जे हलवायचं असतं ते आपलं, विंडोजचं नव्हे.

तिसरा पर्याय ‘जंक्शन’चा. फोल्डर डी ड्राइव्हवर न्यायचा आणि जुन्या जागी एक फसवा दरवाजा ठेवायचा, जो उघडला की माणूस डी ड्राइव्हवर पोचतो. ज्या सॉफ्टवेअरला पत्ता बदलताच येत नाही, त्याच्यासाठी हा उत्तम उपाय आहे. पण डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांना विंडोजने स्वतःच पत्ता बदलण्याची सोय दिलेली असताना तो कशाला? उद्या सर किंवा दुसरं कोणी तो दरवाजा म्हणजे फोल्डरची दुसरी प्रत आहे असं समजून पुसायला गेलं, तर काय होईल याची मला काळजी वाटली.

सेटिंग्जमध्ये ‘नवीन मजकूर कुठे सेव्ह व्हावा’ अशीही एक सोय असते. तिने पुढचं तेवढं नव्या डिस्कवर जातं, मागचं जागेवर राहतं. सरांचं ओझं मागचंच होतं.

म्हणून शेवटी ठरलं ते मूळ पद्धतीवरच: ‘लोकेशन’ टॅब. फक्त पत्ता नीट द्यायचा. डी ड्राइव्हवर सरांच्या नावाचा एक फोल्डर, त्याच्या आत पाच वेगवेगळे फोल्डर, आणि प्रत्येकाचा पत्ता स्वतंत्र.

इथे सरांनी एक रास्त प्रश्न विचारला: “फोल्डरांची नावं देवनागरीत ठेवू का? माझ्या बहुतेक फायलींची नावं देवनागरीतच आहेत.” एनटीएफएसला देवनागरी नाव अजिबात अडत नाही. अडतं ते जुन्या सॉफ्टवेअरला. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या अक्षरसंचाच्या, आधीच्या काळातली सॉफ्टवेअर विंडोजच्या जुन्या अक्षरसंचांवर चालतात, आणि त्या संचांत देवनागरीसाठी संचच नाही. अशा सॉफ्टवेअरला पत्त्यातलं देवनागरी अक्षर प्रश्नचिन्ह म्हणून दिसतं आणि फाइल उघडत नाही. सरांचा निम्मा शब्दसंग्रह अजून तशाच एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणून वाटेतल्या फोल्डरांची नावं रोमन ठेवली. आतल्या फायलींच्या नावांना हात लावला नाही, कारण त्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींची नावं सरांनी पहिल्यापासून रोमनच ठेवली होती.

डेस्कटॉप हलवायचा नाही, हेही ठरलं. त्यात एक जीबीसुद्धा नव्हतं, आणि वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा बॅकअप त्या एका फोल्डरसाठी चालू होता. तो चालू असताना फोल्डर हलवायला गेलं की विंडोज अडवतं. त्यासाठी आधी बॅकअप बंद करा, मग हलवा, हा खटाटोप एका जीबीसाठी नको.

प्रत्यक्ष काम

नाहीसं झालेलं दार आधी परत आणायचं होतं. हे फोल्डर कुठे आहेत याची नोंद विंडोज रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत ठेवतं, चालू वापरकर्त्याच्या शाखेत, ‘युजर शेल फोल्डर्स’ या नावाखाली. डॉक्युमेंट्सची नोंद तिथे ‘पर्सनल’ या नावाने असते, पिक्चर्सची ‘माय पिक्चर्स’ या नावाने. दोन्हींसमोर डी ड्राइव्ह लिहिलेला होता. त्याच यादीत महिरपी कंसांतल्या लांबलचक नावांच्या आणखी दोन नोंदींतही तेच होतं. आधी ती पूर्ण शाखा फाइलमध्ये उतरवून ठेवली. मग चारही नोंदी मूळ पत्त्यावर आणल्या, त्या पत्त्यावर डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स असे रिकामे फोल्डर आहेत याची खात्री केली, आणि खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत आलो. बाजूच्या पट्टीतले दोन्ही फोल्डर आता रिकामे उघडले, आणि ‘लोकेशन’ टॅब परत आला.

सर क्षणभर घाबरले. “अरे, रिकामं?” पण फायली हलल्याच नव्हत्या. त्या डी ड्राइव्हच्या मुळाशी होत्या तिथेच होत्या. बदलली ती फक्त पाटी. हा फरक त्यांना तिथे, त्या क्षणी समजला, आणि पुढचं काम सोपं झालं. फोल्डरची पाटी एक गोष्ट, आतल्या फायली दुसरी. विंडोजचं ‘मूव्ह’ या दोन्ही गोष्टी एकदम करतं, म्हणून एकात चूक झाली की दुसरीही सोबत जाते.

मग ढीग निवडायला घेतला. एकाच डिस्कवर फोल्डर इकडून तिकडे नेताना फायलींचा मजकूर हलत नाही, फक्त डिस्कवरच्या सूचीतली नोंद बदलते. त्यामुळे १८ जीबीचं डॉक्युमेंट्स असो की ९२ जीबीचं पिक्चर्स, डी ड्राइव्हवरच्या नव्या फोल्डरांत ते पाहता पाहता गेलं. वेळ लागला तो निवडण्यात. बहुतेक फोल्डर नावावरून ओळखू येत होते. तीन मात्र एकमेकांत मिसळले होते: ‘स्कॅन’, ‘२०१९’, आणि अर्थातच ‘नवीन फोल्डर’, जो प्रत्येकाकडे असतो आणि ज्यात काय आहे हे कुणालाच आठवत नसतं. ते तिन्ही प्रकारानुसार लावले आणि सरांनी एकेक चित्र बघून सांगितलं, हे घरचं, हे कामाचं. हे मला एकट्याला जमलंच नसतं.

दोन्ही फोल्डर जागी बसल्यावर ‘लोकेशन’ टॅबमध्ये पूर्ण पत्ता दिला: ड्राइव्ह, सरांचा फोल्डर, मग डॉक्युमेंट्स. लिहून झाल्यावर सरांना मोठ्याने वाचायला लावला. तीन भाग ऐकू आले, मगच ‘अप्लाय’. फायली हलवू का, या प्रश्नाला या वेळी उत्तर ‘नो’. फायली आधीच तिथे होत्या. पिक्चर्सचंही तसंच.

व्हिडिओज, म्युझिक आणि डाउनलोड्स अजून एसएसडीवरच होते. इथे दुसरा मोठा निर्णय: ‘येस’ म्हणून विंडोजला हलवू द्यायचं, की आधी स्वतः प्रत करून मग फक्त पाटी बदलायची? एका डिस्कवरून दुसरीवर हलवणं म्हणजे खरं तर प्रत करणं आणि मूळ पुसणं. मध्येच वीज गेली, एखादी फाइल उघडी राहिली, तर अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे. सात पानांचा प्रसंग ताजा होता. आम्ही प्रत करण्याचा मार्ग घेतला आणि मूळ फायली पुसण्याचं काम तीन आठवडे पुढे ढकललं.

प्रत करायला विंडोजमध्येच असलेलं रोबोकॉपी वापरलं. दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. एखादी फाइल वाचता आली नाही तर ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, आणि न सांगितल्यास किती वेळा? दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून. म्हणून प्रयत्नांची संख्या एक आणि थांबण्याचा वेळ एक सेकंद असं आधीच सांगावं. जंक्शन वगळायला सांगावं, नाहीतर ते जुन्या दरवाजांतून भलतीकडे शिरतं. लपलेली ‘डेस्कटॉप’ नावाची आयएनआय फाइल, जी फोल्डरला नाव आणि चिन्ह देते, तीही वगळावी, म्हणजे पाटी बदलताना विंडोज स्वतःची नवी लिहील. आणि आरसा धरल्यासारखी हुबेहूब प्रत करण्याचा पर्याय टाळावा. तो मुळात नसलेलं सगळं दुसऱ्या बाजूचं पुसून टाकतो, आणि मूळ-नक्कल यांचे पत्ते चुकून उलटे लिहिले गेले तर संपलंच.

आधी ‘फक्त यादी दाखव’ असं सांगून कोरडा प्रयोग केला. यादीत देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा आल्या. सरांचा चेहरा उतरला. फायलींना काही झालं नव्हतं, यादीची फाइल साध्या अक्षरसंचात लिहिली गेली होती एवढंच. यादी युनिकोडमध्ये लिहायला सांगितल्यावर नावं नीट उमटली. मराठी फायली असलेल्या प्रत्येकाने हा पर्याय पहिल्यापासूनच वापरावा, कारण प्रश्नचिन्हांच्या यादीवरून काय गेलं आणि काय राहिलं हे तपासताच येत नाही.

६१ जीबी जायला अर्धा तास लागला. झाल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली. दुसऱ्या वेळी प्रत झालेल्या फायली शून्य आल्या, म्हणजे मागे काही राहिलं नव्हतं. दहा-बारा व्हिडिओ मधूनमधून उघडून पाहिले. मग तिन्ही पाट्या बदलल्या, पुन्हा ‘नो’ म्हणत.

काय निष्पन्न झालं

सी ड्राइव्ह मोकळा झाला. तीन आठवड्यांनी जुन्या प्रती पुसल्यावर तो आणखी हलका झाला.

काही बारीकसारीक गोष्टी मोडल्या. डेस्कटॉपवरचे काही शॉर्टकट जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत होते, ते नव्याने केले. शब्दसंग्रहाची एक एक्सेल फाइल दुसऱ्या फाइलमधून आकडे ओढत होती, तिला नवा पत्ता द्यावा लागला. सेव्ह करताना वर्ड कधीकधी पाच-सहा सेकंद गोठायचं. ते डिस्क झोपल्यामुळे होत होतं. पॉवरच्या सेटिंग्जमध्ये काही मिनिटं काम नसेल तर तबकडी थांबवण्याची वेळ दिलेली असते, ती काढून टाकली.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली आणि ती बारीकसारीक नव्हती. चार दिवसांनी सरांच्या सुनेने त्यांना सांगितलं, “बाबा, तुमचे सगळे कागद माझ्या खात्यातून उघडतायत. बँकेचेसुद्धा.” तिने ते स्वतःहून सांगितलं म्हणून कळलं. सी ड्राइव्हवरच्या आपल्या फोल्डरमध्ये दुसऱ्या साध्या खात्याला शिरता येत नाही, तशा परवानग्या विंडोजने आधीच लावलेल्या असतात. नव्या डिस्कवर आपण तयार केलेला फोल्डर मात्र त्या डिस्कच्या मुळाच्या परवानग्या घेतो, आणि तिथे संगणकात लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाला वाचायची आणि बदलायचीही मुभा असते. म्हणजे दार उघडं टाकून आलो होतो, आणि मला ते माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन सरांच्या फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये आधी सरांच्या खात्याला पूर्ण अधिकार दिले, मग वरून येणाऱ्या परवानग्या तोडून त्यांची प्रत ठेवली, आणि त्यातले सर्वांसाठीचे अधिकार काढून टाकले. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स राहू दिले. हा क्रम चुकला तर माणूस स्वतःच बाहेर राहतो. सुनेचं खातं साधं आहे, ॲडमिनचं नाही, म्हणून एवढं पुरलं. ते ॲडमिनचं असतं तर एक क्लिक करून तिला आत जाता आलं असतं. तिच्यासाठीही डी ड्राइव्हवर असाच वेगळा फोल्डर करून दिला.

बॅकअपही तेव्हाच लावला. फायली नव्या डिस्कवर गेल्या म्हणजे त्यांची दुसरी प्रत झाली, असं सरांना वाटत होतं, आणि असं वाटणारे पुष्कळ आहेत. जुन्या प्रती पुसल्यावर सगळं पुन्हा एकाच डिस्कवर असणार होतं, तेही फिरत्या तबकडीच्या. एक बाहेरची यूएसबी डिस्क घेऊन विंडोजची फाइल हिस्टरी तिच्यावर चालू केली. पत्ता बदललेले फोल्डरही ती बरोबर धरते.

आज वेगळं काय केलं असतं

सरांच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात आधी म्युझिक हलवायला हवं होतं. सहा जीबी, चुकलं तरी नुकसान नाही. पहिल्या प्रयोगातच डी ड्राइव्हच्या मुळाशी गाण्यांचा सडा दिसला असता आणि चूक तिथेच कळली असती. त्यांनी सुरुवात केली ती सगळ्यात मोलाच्या फोल्डरपासून, कारण त्याचीच काळजी जास्त होती. हे माणसाचं स्वाभाविक आहे, पण प्रयोग नेहमी ज्याचं मोल कमी त्याच्यावर करावा.

‘बदलू का’ या खिडकीत तिसरा पर्यायही असतो: दोन्ही फायलींची माहिती ताडून पाहण्याचा. तिथे आकार आणि तारीख शेजारी शेजारी दिसतात. वहीच्या पानाचा आकार आणि फोटोचा आकार वेगळा होता, त्या एका नजरेत कळलं असतं. आणि कळत नसेल तर ‘वगळा’ म्हणावं. वगळलेली फाइल मूळ जागी राहते, नंतर बघता येते.

माझ्या बाजूने, मी पोचण्याआधी फोनवरच सांगायला हवं होतं: सर, मी येईपर्यंत काहीही करू नका, आवरूसुद्धा नका. मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दोन तासांत त्यांनी काही फोल्डर कॉपी करून पाहिले होते. गेलेल्या दोन पानांपैकी एखादं त्या दोन तासांत गेलं का, हे आता कधीच कळणार नाही. पण तो फोन मी अजून विसरलो नाही. आणि संगणकावर दोन खाती दिसली तेव्हाच परवानग्यांची आठवण व्हायला हवी होती.

परत मिळालेल्या पाच चित्रांना फोटोरेकने नुसते आकडे दिले होते. सरांनी ती एकेक उघडून वाचली, अक्षरावरून आणि शब्दांवरून पानाचा क्रमांक ओळखला आणि त्यांना पुन्हा नावं दिली. तिसरं आणि सहावं पान नाही, पाचवं अर्धं आहे. डॉक्युमेंट्समध्ये त्यांनी एक छोटी फाइल करून ठेवली आहे, त्यात ही तीन पानं कोणत्या वहीची आणि ती वही कुणाकडे परत गेली हे लिहिलं आहे. त्या घरी त्यांनी निरोप धाडला आहे, वही अजून जपून ठेवली असेल तर एकदा पुन्हा बघायला मिळेल का म्हणून.